पंगतीत कोण कोण बसलंय

सिनेमा संपला तशी मावशीने चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि म्हणाली, "बघितलंस ना? शेवटी घरच उपयोगी पडलं."

आमचा वेंगुर्ल्याचा गणपती पाच दिवसांचा. तो पोचवला की एक-दोन दिवस पिंगुळीला मावशीकडे यायचं, हा माझा लहानपणापासूनचा नेम. मावशी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते. लहानपणी घरात किंवा घराच्या आसपास ज्यांच्यावर अत्याचार झाले, अशी माणसं माझ्याकडे बरीच येतात. त्यांच्याबद्दल मी बाहेर अक्षर काढत नाही, मावशीजवळही नाही. पण आपली भाची दिवसभर करते तरी काय, हे तिला कधीतरी कळावं असं मला फार वाटायचं. म्हणून यंदा लॅपटॉपवर 'अँटवॉन फिशर' घेऊन आले. संवाद तिला अडला की थांबवायचे, सांगायचे आणि पुढे चालू करायचे. बाहेर खळ्यात पाऊस, आत माटवीखाली गणपतीचा रिकामा पाट.

हा सिनेमा 2002 सालचा, डेन्झेल वॉशिंग्टनने दिग्दर्शित केलेला पहिलाच. गोष्ट खरी आहे आणि ज्याची आहे त्यानेच पटकथाही लिहिली आहे. अँटवॉन फिशर 1959 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मला, तेव्हा आई तुरुंगात होती. बाप त्याच्या जन्माआधीच मारला गेला होता. सरकारने पोराला सांभाळायला एका घरी दिलं. त्या घरात मार मिळाला, शिव्या मिळाल्या आणि सिनेमात दाखवलं आहे त्याप्रमाणे त्याच घरातल्या एका मोठ्या मुलीने त्याचा लैंगिक छळ केला. पुढे तो नौदलात गेला. सतत मारामाऱ्या करतो म्हणून तिथल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवला गेला. नियमाने बैठका तीनच. अँटवॉन येतो, बसतो, तोंड उघडत नाही. डॉक्टर त्याला घालवून देत नाही आणि बैठकही मोजत नाही. तू बोलशील तेव्हा पहिली सुरू झाली असं धरू, म्हणतो. सिनेमाच्या सुरुवातीला त्या लहानग्याला स्वप्न पडतं, की लांबलचक टेबल अन्नाने भरलंय, पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं त्याची वाट बघतायत. शेवटी बापाच्या माणसांचा माग काढत तो क्लीव्हलंडला जातो, आत्याच्या घराचं दार उघडतं आणि ती पंगत खरोखरच मांडलेली असते.

मावशीचे डोळे तिथे भरले होते. माझेही दर वेळी भरतात. पण आम्ही दोघी वेगवेगळ्या कारणांनी रडत होतो, हे मला तिच्या पहिल्या वाक्यावरूनच कळलं.

मावशी : तीन बैठकांत काय होतं गं? तो डॉक्टर भला माणूस, नाही म्हणत नाही. पण पोराच्या मनातला दगड फुटला तो आत्याने जवळ घेतलं तेव्हा. माणसाला माणसं लागतात. हे सांगायला पदवी कशाला हवी?

मी : त्या पंगतीत कोण कोण बसलं होतं, ते नीट बघितलंस?

मावशी : त्याची माणसं. आत्या, चुलते, भावंडं.

मी : बापाच्या बाजूची. असा मुलगा जन्मला आहे हे ज्यांच्या कानावरही नव्हतं, ती. ज्या घरात त्याला मारलं, तिथे तो पंगतीला बसला नाही. त्या घरी तो मोठेपणी एकदाच गेला, सांभाळणारी बाई आणि ती मुलगी, दोघींच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला आणि बापाचं आडनाव घेऊन बाहेर पडला. मग आईला भेटला. ती काहीच बोलू शकली नाही. तिला माफ करून तो तिथूनही निघाला. ही दोन दारं मागे पडली तेव्हा तिसरं दार उघडलं.

मावशी : बरं. मग?

मी : आपल्याकडे ही दारं वेगळी नसतात मावशी. मूळ घर एक, गणपती एक, आरती एक. ज्याने केलं तोच समई लावतो, तोच सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवतो. आणि आपण त्या मुलीला म्हणतो, जा, काकांच्या पाया पड. नाही म्हणाली तर उर्मट. घर बरं करतं म्हणतेस ना? कुणाचं घर?

मावशी गप्प झाली, पण पटलं म्हणून नव्हे. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि ती तो घेते. वर्गातही अशीच होती म्हणतात.

मावशी : तू शहरात बसून घर मोडायला सांगतेस. इथे माणूस घराबाहेर पडला तर जाणार कुठे? डॉक्टर म्हटलं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर गोवा, नाहीतर कोल्हापूर. बैठक तासाची. उरलेले तेवीस तास? रात्री दचकून उठलं तर पेज कोण देणार? तुझी ती खोली?

मी : नाही देणार. तेवीस तासांचं तू म्हणतेस ते खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. 14416 हा 'टेली-मानस'चा फोन 2022 पासून आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा लागतो. पण फोन पेज देत नाही.

मावशी : मग घराला नावं का ठेवतेस?

मी : घराला नाही ठेवत. घराने आधी काय करायचं, ते विचारते. जुडिथ हर्मन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्ये या विषयावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांनी बरं होण्याचे टप्पे सांगितले आहेत. पहिला, माणसाला सुरक्षित वाटणं. दुसरा, झालेलं आठवणं, सांगणं, त्यासाठी रडणं. तिसरा, पुन्हा माणसांत मिसळणं. पंगत तिसऱ्या टप्प्यावर आहे मावशी. आपण तिला उचलून पहिल्या टप्प्यावर मांडतो. पोर अजून थरथरतंय आणि आपण पान वाढलंय.

मावशी : आणि बोलणं म्हणशील तर आपल्याकडे ते नाही असं समजू नकोस. देवळात गाऱ्हाणं घालतात, ते काय असतं? साऱ्या गावासमोर दुःख मांडायचं, सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. इथल्या राऊळ महाराजांच्या मठात बाया येतात, खांबाला टेकून तासतासभर रडतात, त्यांना कुणी उठवत नाही. तुझ्या बैठकीहून ते काय वेगळं?

हा तिचा मुद्दा मी आजवर कुणाकडून ऐकला नव्हता. ठाण्याला परतल्यावरही तो माझ्या मनातून गेला नाही. गाऱ्हाणं ही खरोखर थोर गोष्ट आहे. एकट्याचं दुःख मोठ्याने उच्चारलं जातं आणि गाव त्याला होकार देतं. त्या 'होय महाराजा'त किती आधार असतो, हे कोकणात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. समुपदेशक तरी दुसरं काय करतो? समोरच्याचं ऐकतो आणि म्हणतो, होय, हे झालं. हे खरोखर तुझ्यासोबत झालं.

मी : पण गाऱ्हाणं घालतं कोण? मानकरी. घरातला कर्ता पुरुष त्याला सांगतो, तो देवाला सांगतो. आठ वर्षांच्या मुलाचं गाऱ्हाणं कर्त्या पुरुषाविरुद्धच असेल, तर ते कोण घालणार?

मावशी उठली. आत जाऊन तिने दोन कप चहा केला, आणि चहा देताना विषय भलतीकडे नेला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मावशी : मागे तू तो हिंदी सिनेमा दाखवला होतास. गोव्यातला. शाहरुख खान डॉक्टर असतो तो.

मी : 'डिअर जिंदगी'. 2016 चा.

मावशी : तो मला पटला नव्हता, तुझं मन राखायला बोलले नाही. आईबाप कामासाठी परदेशी, मुलगी आजी-आजोबांकडे. एवढ्यावरून मोठेपणी ती सगळ्या पाहुण्यांसमोर आईबापावर तोंड टाकते! अगं, मग अर्ध्या कोकणाने डॉक्टरकडे जायला हवं. लालबाग-परळच्या एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा माणसं राहायची. बाप गिरणीत, पोरं गावाला आजीकडे. तेव्हा कुणी त्याला अत्याचार म्हटलं नाही. 1982 चा संप झाला तेव्हा तर विचारू नकोस. वर्ष अर्ध्यावर आलेलं आणि रोज कुणीतरी नवीन पोर बोटाला धरून शाळेच्या दारात. ह्याच्या काकाकडे, त्याच्या मामाकडे, जिथे जागा मिळेल तिथे. पट फुगला, बाकं पुरेनात. ती पोरं मोठी झालीच ना?

मी : बहुतेक झाली. आजी चांगली असेल तर आजीकडे वाढणं हे भाग्यच. त्या सिनेमातही जखम आजी-आजोबांची नव्हे. का ठेवलं, कधी नेणार, हे त्या मुलीला कुणी धड सांगितलं नाही आणि ती रुसली तेव्हा कुणी विचारलं नाही, ही तिची जखम. मावशी, पोराला दुसऱ्याच्या घरात ठेवणं हा अत्याचार नाही. पण तिथे काही झालं तर ते कुणाला सांगणार? आई पत्र वाचणार, तेही काकांनीच लिहिलेलं.

मावशी : (बऱ्याच वेळाने) तुमच्याकडे येतात ती बोलतात तरी कशी? मला तर या वयात शब्द सापडत नाहीत.

मी : लहान मुलं सरळ सांगत नाहीत. आज दुपारी गुढीपूरला गेले होते ते त्यासाठीच.

गुढीपूर म्हणजे पिंगुळीतली ठाकर समाजाच्या कलावंतांची वाडी. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती इथल्याच कामासाठी: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. गोठ्याच्या जागेत त्यांनी उभं केलेलं संग्रहालय मी अनेकदा पाहिलंय, तरी दर वेळी जाते. चित्रकथीत एकेका आख्यानाची एकेक पोथी असते. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र समोर धरतो, सांगतो, गातो, मग ते उलटतो. साथीला हुडूक आणि टाळ. गोष्ट सीतेची असते, पण ऐकणारी बाई डोळे पुसते ते केवळ सीतेसाठी नसतं, आणि तिला कुणी विचारत नाही की तुला काय झालं. सांगणारा आणि ऐकणारी यांच्यामध्ये ते चित्र असतं, म्हणून दोघांना धीर येतो. चामड्याच्या बाहुलीचं तर आणखी पुढचं. मध्ये पडदा, मागे दिवा, सांगणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही. माझ्या खोलीत बाहुल्या आहेत त्या याचसाठी. 'तुझ्यासोबत काय झालं' असं विचारलं तर मूल भिंतीकडे बघतं. 'ह्या बाहुलीला रात्री झोप का येत नाही' असं विचारलं तर कधीकधी सांगतं.

मावशी : म्हणजे शेवटी आमच्याच गावातलं घेऊन गेलीस.

मी : हो. आणि अभिमानाने घेऊन गेले.

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "तुला एक विचारते. 'कासव' बघितलास तू. त्यात तर डॉक्टरही नाही, बाहुलीही नाही."

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' मावशीचा फार आवडता. 2017 मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं होतं. आपल्याच किनारपट्टीची गोष्ट. जगणं नकोसं झालेला एक तरुण जानकी नावाच्या बाईला वाटेत सापडतो आणि ती त्याला घरी आणते. घरात रक्ताचं कुणीच कुणाचं नाही. जानकी, गाडी चालवणारा यदू, कासवं राखणारे दत्ताभाऊ आणि हा.

मावशी : ती त्याला नावगावसुद्धा विचारत नाही. जेवायला वाढते, अंथरूण घालते, बाजूला होते. मला वाटतं तेच खरं औषध.

मी : मलाही वाटतं. पण ती विचारत नाही, कारण ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. घाईने विचारलेला प्रश्न कसा टोचतो, हे ती उपचारांत शिकली आहे. आणि दत्ताभाऊ झालेले मोहन आगाशे तर खरोखरच मनोविकारतज्ज्ञ आहेत. तो सिनेमा घराविरुद्ध डॉक्टर असा नाहीच. शहाणं झालेलं घर कसं दिसतं, ते त्यात दिसतं. फक्त एक लक्षात घे, न विचारणं दोन प्रकारचं असतं. तू सांगशील तोवर मी इथे बसले आहे, हे एक. आणि मला कळायलाच नको, हे दुसरं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

का कोण जाणे, हे वाक्य बोलताना मी आकड्यांकडे वळले. समोरच्याचा चेहरा बदलतोय हे दिसत असूनही मी असं करते, ही माझी खोड आहे. मी तिला सांगितलं, की केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती. महाराष्ट्र धरून 13 राज्यं, 12,447 मुलं. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मावशी : मुलगे?

मी : हो. अँटवॉनही मुलगाच होता. 2012 च्या नोव्हेंबरात पॉक्सो कायदा लागू झाला, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. आता शिक्षकाला, डॉक्टरला, मला, कुणालाही असं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. मुलांसाठी 1098 आहे. तू शाळेत लागलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

हे मी तिची बाजू सावरायला म्हटलं होतं. तेवढ्यात वीज गेली. सिंधुदुर्गात चतुर्थीच्या पावसात वीज जाणं यात नवल नाही, पण मावशी समई लावायला उठली नाही. अंधारात तिचा आवाज आला, तो शाळेतल्या बाईंचा नव्हता. मावशी माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. मालवणी ती आईशी बोलायची, आणि आई गेल्यावर फारशी कुणाशीच नाही.

"माका दिसत होता गो," ती म्हणाली.

मी गप्प राहिले.

संपाच्या वर्षी आलेल्या त्या पोरांतलं एक. चौथीत. मुंबईहून, काकांकडे. शाळा सुटायची घंटा झाली की सगळी पोरं धावत सुटायची आणि हा बाक धरून बसायचा. वर्ग झाडू का, फळा पुसू का, पाणी भरून ठेवू का. मावशीला वाटायचं, किती गुणी पोर. एकदा घंटा व्हायच्या आधीच टेबलाजवळ येऊन म्हणाला, बाई, आज शाळा सोडू नका ना. वर्ग हसला. मावशीही हसली. मग काही दिवसांनी घंटेच्या वेळी त्याची चड्डी ओली झाली, तेव्हा तिने काकांना बोलावून घेतलं. पोर भित्रं आहे, म्हणाली, जरा जास्त लक्ष ठेवा.

"तेकाच सांगितलंय. लक्ष ठेवा म्हणान."

तो मोठा झाला, नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वी कुडाळ स्टेशनवर भेटला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, बाई, काका गेले. मला रडू आलं नाही. आणखीही काहीतरी म्हणाला, अगदी थोडकं, पण मावशीला ते पुरलं. तेवढ्यात मुंबईची गाडी आली.

मावशी : मी तेका कधी विचारूकच नाय. छत्तीस वर्षां पोरांका प्रश्न विचारलंय.

मी : तुला शिकवलं नव्हतं कुणी.

मावशी : ता नको सांगा. (मग, हळूच, पुन्हा पुस्तकी मराठीत) त्याचा नंबर मिळेल मला. पुढच्या चतुर्थीला त्याला जेवायला बोलावू? चुकले म्हणून सांगते. तुझ्या त्या अँटवॉनसारखं, पान मांडते त्याचं.

इथे मला हो म्हणायचा फार मोह झाला. मावशी सत्तरीची आहे, तिचा हात माझ्या हातात होता आणि थरथरत होता. पण मी माझं म्हणणं सोडलं नाही.

मी : इथे नको. याच गावात, चतुर्थीला, त्या काकांच्या घरावरून चालत यायला नको लावू त्याला. तुला मोकळं व्हायचंय म्हणून त्याच्यावर ओझं नको. फोन कर. म्हण, त्या दिवशी स्टेशनवर तू जे बोललास ते मी ऐकलं आणि ते खरं मानते. भेटायचं की नाही, कुठे, कधी, ते त्याला ठरवू दे. नाही म्हणाला तर तेही ऐकून घे.

मावशी : आणि नाही म्हणाला तर? मगे ह्यां आता मी खंय ठेवू?

मी उत्तर दिलं नाही. पडवीत पागोळ्या गळत होत्या. थोड्या वेळाने तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या पायात मुंबईचे बूट होते, एकाची नाडी तुटलेली होती, आणि वर्गात बूट घालणारा तो एकटाच होता.